रिकाम्या रोहित्राचा खर्च

रात्री गाव निजते, दिवे मालवतात. तरी ज्याला आपण ट्रान्स्फॉर्मर म्हणतो ते रोहित्र गुणगुणतच असते. भार नसतानाही त्याच्या प्राथमिक वेटोळ्यातून थोडा प्रवाह वाहतो. हा निर्भार प्रवाह कशासाठी लागतो आणि त्यात खरे नुकसान किती, याचा उलगडा कसा झाला ते आपण पाहू.

१८३१ च्या ऑगस्टमध्ये फॅरडेने लोखंडाच्या अखंड कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून प्रयोग केला. पुढे १८८० नंतर गोलार व गिब्ज यांनी जी उपकरणे केली, त्यांचा गाभा मात्र उघड्या टोकांचा होता. चुंबकीय रेषांना हवेतून परतावे लागे, व त्यासाठी मोठा प्रवाह खर्ची पडे. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी व डेरी यांनी गाभा पुन्हा अखंड केला. लोखंडातून सलग वाट मिळताच हा प्रवाह पुष्कळच घटला.

तथापि वाद मिटला नाही. १८८९ च्या सुमारास इंग्लंडात स्विन्बर्नने उघड्या गाभ्याचाच पुरस्कार केला. लोखंड कमी, म्हणून त्यातील उष्णतेचा नाश कमी, असे त्याचे म्हणणे. ते निराधार नव्हते. पण प्रवाह फुगला तो फुगलाच! कारण निर्भार प्रवाहात दोन घटक असतात. एक चुंबकत्व उभे करतो; तो विद्युत्‌दाबाच्या पाव आवर्तन मागे राहतो आणि घेतलेली ऊर्जा परत करतो, मात्र तारा व जनित्र अडवून ठेवतो. दुसरा दाबाच्या जोडीने चालतो. त्याची ऊर्जा लोखंड तापवण्यातच जाते.

या दुसऱ्या घटकाचा मोठा भाग लोखंडाचे चुंबकत्व सारखे उलटसुलट करण्यात जातो. यूइंगने त्या गुणधर्माला हिस्टेरेसिस हे नाव दिले, आणि १८९२ मध्ये स्टाइनमेट्झने त्याचे गणित मांडले: नाश चुंबकीय घनतेच्या सुमारे १.६ व्या घातानुसार वाढतो. मग विसाव्या शतकात सिलिकनमिश्रित पोलाद आले. १९३४ मध्ये गॉसने कण एका दिशेस वळवलेल्या पत्र्याचे पेटंट मिळवले.

एवढा खटाटोप कशाला? समजा, लोखंडातील नाश अवघा १०० वॅट आहे. वर्षाच्या ८,७६० तासांत तो ८७६ युनिटे होतो. तांब्यातील नाश भाराबरोबर उतरतो, हा उतरत नाही. म्हणून रोहित्र निवडताना पूर्ण भाराबरोबरच त्याची रिकामी रात्रही हिशेबात धरली पाहिजे, असे आम्हांस वाटते.