टर्बोचार्ज्ड मोटारीच्या इनटेक मॅनिफोल्डमधील बदल

इनटेक मॅनिफोल्ड हा अंतर्ज्वलन इंजिनाचा असा भाग आहे, की ज्यातून बाहेरची हवा प्रत्येक सिलिंडरपर्यंत पोहोचते. टर्बोचार्ज्ड मोटारीत ही हवा टर्बोचार्जरने आधीच दाबलेली असते. अधिक शक्ती मिळवण्यासाठी मूळ मॅनिफोल्डचा आकार बदलणे किंवा त्याच्या जागी वेगळा मॅनिफोल्ड बसवणे, हा मोटारींच्या कामगिरीवर्धनातील एक प्रचलित बदल आहे. त्याचा लाभ इंटरकूलर, इंधनपुरवठा आणि इंजिन नियंत्रण संगणक (ईसीयू) यांच्या जुळणीवर अवलंबून असतो. केवळ मॅनिफोल्ड बदलल्याने मिळणारी वाढ बहुधा अल्प असते.

रचना

मॅनिफोल्डचे दोन मुख्य भाग असतात. थ्रॉटल बॉडीला जोडलेल्या पोकळ कोठीला प्लेनम म्हणतात, तर तेथून प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांना रनर म्हणतात. लांब व अरुंद रनर कमी फेऱ्यांवर, तर आखूड व रुंद रनर अधिक फेऱ्यांवर उपयुक्त ठरतात. झडपा उघडल्या-मिटल्याने हवेत उमटणाऱ्या दाबलहरींचा वेळ रनरच्या लांबीनुसार बदलतो, हे यामागील कारण होय. मूळ मॅनिफोल्ड बहुधा ओतीव ॲल्युमिनियमचे किंवा काचतंतुयुक्त नायलॉनचे असतात. बदली मॅनिफोल्ड अनेकदा ॲल्युमिनियमचे पत्रे व नळ्या वेल्ड करून बनवतात.

बदलाचे परिणाम

प्लेनमचे आकारमान वाढवल्यास अधिक फेऱ्यांवर हवेचा साठा पुरेसा राहतो. मात्र ती जागा दाबाने भरण्यास वेळ लागल्याने ॲक्सलरेटरला मिळणारा प्रतिसाद मंदावू शकतो. सर्व सिलिंडरांना सारखी हवा मिळणे हा आरेखनातील कळीचा प्रश्न आहे. हवा एका टोकाने आत येत असेल, तर काही सिलिंडरांना ती अधिक मिळण्याची शक्यता असते. ईसीयू सर्व सिलिंडरांना सारखेच इंधन देत असल्यास अशा सिलिंडरांत मिश्रण विरळ होऊन नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे अवेळी स्फोटक ज्वलन, सुरू होते. त्यामुळे पिस्टनला भोक पडण्यापर्यंत हानी होऊ शकते. एकूण शक्तीचा आकडा वाढलेला दिसत असतानाही एका सिलिंडरातील हा दोष लपून राहू शकतो.

अनेक मोटारींत ब्रेकला साहाय्य करणाऱ्या बूस्टरची निर्वात नळी मॅनिफोल्डलाच जोडलेली असते. नव्या मॅनिफोल्डवर ही जोडणी व तिची एकदिशा झडप नीट बसली नाही, तर ब्रेक जड होतात. म्हणून काम पूर्ण झाल्यावर यंत्रणेत बेताच्या दाबाची हवा भरून व सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासतात.

महाराष्ट्रातील उदाहरण

पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार झालेल्या आणि २०१३ साली बाजारात आलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय या मोटारीत १.२ लिटरचे, १०५ अश्वशक्ती व १७५ न्यूटन-मीटर पीळबलाचे टर्बो इंजिन होते. या इंजिनाचा पाण्याने थंड होणारा इंटरकूलर मॅनिफोल्डमध्येच सामावलेला असतो. त्यामुळे मॅनिफोल्ड काढल्यास इंटरकूलरही निघतो आणि पुढील बाजूस वेगळा इंटरकूलर व लांब नळ्या बसवाव्या लागतात. नळ्या लांबल्या की दाब तयार होण्यास लागणारा वेळही वाढतो. इंधन थेट सिलिंडरात फवारले जात असल्याने या मॅनिफोल्डमध्ये इंजेक्टर नसतात.

मुंबईचे हवामान

मुंबई उपनगरांच्या हवामानाची नोंद भारतीय हवामान विभागाच्या सांताक्रूझ येथील वेधशाळेत होते. तेथे १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले. ३५ अंशांची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत दाबल्यास, ७० टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोतून ती सुमारे १३० अंशांची होऊन बाहेर पडते. तीच हवा इंटरकूलरने ५० अंशांपर्यंत थंड केली, तर तिची घनता सुमारे २५ टक्क्यांनी वाढते. उष्ण प्रदेशात रनरच्या आकारापेक्षा हवा थंड करण्यास अनेकदा अधिक महत्त्व येते, ते यामुळेच.

दुसरा धोका पाण्याचा आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. थंड हवा मिळावी म्हणून एअर फिल्टर बंपरमागे खाली बसवलेला असल्यास साचलेल्या पाण्यातून जाताना पाणी आत ओढले जाऊ शकते. पाणी दाबले जात नसल्याने पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी बंद पडलेली मोटार पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास हानी वाढते.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजीच्या निकालात या तरतुदीचा कठोर अर्थ उचलून धरला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनुसार प्रमाणित मोटारीत असा बदल केल्यास उत्सर्जनही मूळ प्रमाणनाशी जुळेलच असे नाही. त्यामुळे असे मॅनिफोल्ड प्रामुख्याने बंदिस्त मार्गावरील शर्यतींच्या मोटारींसाठी योग्य मानले जातात.