जेवणावळी लाटांवरच्या

- प्रतिनिधी

समुद्रपर्यटनाला निघणाऱ्या मराठी कुटुंबाच्या मनात पहिला प्रश्न असतो बोट लागण्याचा आणि दुसरा जेवणाचा. सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही, वडिलांना मधुमेह आहे, धाकटीला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. भोवती नुसते पाणी असताना चार-पाच दिवस काढायचे कसे? जमिनीवर एक हॉटेल पसंत पडले नाही, तर रस्ता ओलांडून दुसरे गाठता येते. भर समुद्रात ती सोय नाही. म्हणूनच क्रूझचे तिकीट काढण्यापूर्वी तिथली भोजनव्यवस्था कशी चालते, तिकिटाच्या पैशांत काय येते आणि कोणती काळजी घ्यावी लागते, हे समजून घेणे हिताचे ठरते.

गाईपासून शीतगृहापर्यंत

कुनार्ड कंपनीची 'ब्रिटानिया' ही बोट १८४० मध्ये अटलांटिक महासागर ओलांडू लागली, तेव्हा प्रवाशांना ताजे दूध मिळावे म्हणून बोटीवर चक्क गाय ठेवलेली असे. पुढे शीतगृहे आली आणि बोटीवरच्या जेवणाचे रूपच पालटले. १९०५ मध्ये 'अमेरिका' या जर्मन बोटीवर प्रख्यात हॉटेलव्यावसायिक सीझर रिट्झ यांच्या नावाशी जोडलेले स्वतंत्र उपाहारगृह सुरू झाले. १९१२ मध्ये बुडालेल्या 'टायटॅनिक'वरही पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना जादा पैसे मोजून जेवता येईल असे वेगळे उपाहारगृह होते. 'तिकिटातले जेवण' आणि 'पैसे मोजून जेवण' हा आजच्या क्रूझवरील भेद असा शतकाहून जुना आहे.

मुंबईकरांना या प्रकारच्या पर्यटनाची खरी ओळख झाली ती २००५ मध्ये 'सुपरस्टार लिब्रा' येथून फेऱ्या करू लागली तेव्हा. २०१६ च्या अखेरीस 'कोस्टा निओक्लासिका' आली. २०१९ मध्ये 'कर्णिका' आली, पण करोनाच्या काळात तिचा प्रवास आटोपला. २०२१ पासून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' मुंबईहून निघू लागली.

पहिली पंगत, दुसरी पंगत

प्रत्येक मोठ्या क्रूझवर एक मुख्य भोजनगृह असते. रात्रीचे जेवण तेथे परंपरेने दोन पाळ्यांत होते. पहिली पाळी साधारण सहाच्या सुमारास, दुसरी साडेआठच्या. आपल्याकडच्या लग्नातल्या पंगतींसारखाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे टेबल आणि वाढपी प्रवासभर तेच असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढप्याला तुमची आवड पाठ होते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. लवकर जेवणाऱ्या ज्येष्ठांनी आणि लहान मुले बरोबर असलेल्यांनी पहिली पाळी मागून घ्यावी. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्ये वेळेचे हे बंधन सैल केले. आता अनेक कंपन्या 'हव्या त्या वेळी या' असा पर्यायही देतात.

मुख्य भोजनगृहात सूप, मुख्य पदार्थ आणि गोड असे क्रमाने वाढले जाते. एक पदार्थ आवडला नाही तर दुसरा मागवता येतो, त्याचे सहसा वेगळे पैसे पडत नाहीत. लांबच्या सफरीत एखाद-दुसरी रात्र औपचारिक पोशाखाची असते. सूट नसेल तर बंद गळ्याचा कोट आणि साडी यांना कोणीही हरकत घेत नाही.

बुफेचे मायाजाल

वरच्या डेकवर, बहुधा पोहण्याच्या तलावाजवळ बुफे असतो. न्याहारीपासून रात्री उशिरापर्यंत तेथे काही ना काही मांडलेले असते. पाळीचे बंधन नाही, पोशाखाचे नाही. पहिल्या दिवशी बहुतेक सगळे प्रवासी बोटीवर चढताच बुफेकडे धावतात आणि ताटे ओसंडून वाहू लागतात. जाणकार मात्र आधी एक फेरी मारून सारे पाहून घेतात आणि मगच ताट उचलतात. पानात टाकू नये, हा घरचा संस्कार बोटीवरही पाळण्याजोगा आहे, कारण टाकलेल्या अन्नाचे काय करायचे, हा बोटीपुढचा मोठाच प्रश्न असतो. 'मारपोल' या आंतरराष्ट्रीय करारानुसार उरलेले अन्न बारीक दळून, किनाऱ्यापासून किमान तीन सागरी मैल दूर गेल्यावरच समुद्रात सोडता येते. काही संवेदनशील समुद्रांत हे अंतर बारा मैलांचे आहे. प्लॅस्टिक तर कोठेही टाकता येत नाही.

पैसे कोठे पडतात?

मुख्य भोजनगृह, बुफे, साधा चहा-कॉफी आणि पाणी हे सर्वसाधारणपणे तिकिटात असते. इटालियन, जपानी किंवा खास मांसाहारी पदार्थांची छोटी उपाहारगृहे मात्र वेगळे पैसे घेतात. मद्य, शीतपेये, बाटलीबंद पाणी आणि खास कॉफी यांचेही पैसे पडतात. खोलीवर जेवण मागवणे काही कंपन्यांत मोफत, तर काहींत सशुल्क असते.

बोटीवर रोख व्यवहार जवळजवळ नसतो. खोलीचे कार्डच सगळीकडे चालते आणि येथेच अनेकांची फसगत होते. परदेशी कंपन्या पेयांच्या बिलावर बहुधा १८ ते २० टक्के सेवाशुल्क आपोआप लावतात. शिवाय प्रत्येक प्रवाशामागे दररोजची बक्षिसीही खात्यात जमा होत जाते. अखेरच्या सकाळी हाती पडणारे बिल पाहून धक्का बसू नये, यासाठी रोज रात्री खात्यावर नजर टाकावी.

'व्हेज' म्हणजे नेमके काय?

मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर शाकाहारी आणि जैन जेवण सहज मिळते. खरी परीक्षा असते ती परदेशी बोटींवर. तेथे 'व्हेजिटेरियन' या शब्दात अंडे गृहीत धरलेले असते. वरवर भाज्यांचे दिसणारे सूप मांसाच्या अर्कात शिजवलेले असू शकते. जेली आणि काही पुडिंगमध्ये प्राणिज जिलेटिन असते. चिनी आणि थाई पदार्थांत माशाचा किंवा कालवांचा सॉस पडतो. पार्मेजान चीज तयार करताना वासराच्या जठरातील रेनेट वापरतात. त्यामुळे 'हे व्हेज आहे का?' एवढे विचारून भागत नाही. 'यात मांस, मासे, अंडे, त्यांचा अर्क किंवा सॉस आहे का?' असे स्पष्ट विचारावे.

एक उपाय मात्र हमखास उपयोगी पडतो. आरक्षण करतानाच आहाराविषयीची गरज लेखी कळवावी आणि पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटावे. पुष्कळ बोटींवर तो आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचा मेनू दाखवून तुमच्यासाठी वेगळी भाजी, डाळ-भात सांगून ठेवतो. भारतीय आचारी बोटीवर असतील, तर हे काम आणखी सोपे होते. अॅलर्जी असलेल्यांनी मात्र बुफेवर विसंबू नये. एका पदार्थाचा चमचा दुसऱ्या पदार्थात जाणे तेथे रोजचेच असते.

पोटातला भटारखाना

प्रवाशाला दिसते ते फक्त ताट. त्यामागचा भटारखाना बोटीच्या पोटात दडलेला असतो. २०२४ मध्ये सेवेत आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि सुमारे २,३५० कर्मचारी मावतात. म्हणजे एखाद्या मोठ्या गावाची दिवसातून तीन-चार वेळची चूल. मासे, मांस, दूध आणि भाजी यांची शीतगृहे वेगवेगळी असतात. आधी आलेला माल आधी वापरायचा, हा तेथील पहिला नियम. आगीच्या भीतीमुळे स्वयंपाक बहुतांशी विजेच्या शेगड्यांवर होतो. याच कारणासाठी प्रवाशांना खोलीत किटली किंवा इलेक्ट्रिक कुकर नेऊ दिला जात नाही. पिण्याचे पाणीही मोठ्या प्रमाणात समुद्राच्याच पाण्यातून क्षार काढून तयार केले जाते.

हात धुवा, साबणाने

हजारो माणसे एकाच छपराखाली जेवतात, तेव्हा पोटाचे विकार झपाट्याने पसरतात. नोरोव्हायरस हा त्यातला मुख्य शत्रू. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि एक ते तीन दिवसांत बहुतेकांना आराम पडतो. ज्येष्ठ आणि लहान मुलांच्या शरीरातील पाणी कमी होण्याचा धोका मात्र गंभीर असतो. हातावर लावायच्या सॅनिटायझरचा या विषाणूवर पुरेसा परिणाम होत नाही. साबण आणि पाणी हाच खरा उपाय.

अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या क्रूझची तपासणी तेथील सीडीसी ही आरोग्य संस्था पूर्वसूचना न देता करते. शंभरपैकी गुण दिले जातात. ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास. गरम अन्न ५७ अंश सेल्सियसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, असा दंडक आहे. हे गुण सर्वांना पाहता येतात. आपल्या बोटीला किती पडले, हे तिकीट काढण्यापूर्वी अवश्य पाहावे.

वाढणारे हात

बोटीवरच्या स्वयंपाक्याला जुन्या खलाशांच्या बोलीत 'भंडारी' म्हणत. गोव्याच्या गावागावांत 'तारवटी', म्हणजे बोटीवर काम करणारा, एक तरी असतोच. मुंबईतील धोबी तलाव परिसरात या गोवेकरांनी आपापल्या गावांची 'कूड' म्हणजे वसतिगृहे उभारली. बोट मिळेपर्यंत आणि बोटीवरून परतल्यावर राहण्याची ती हक्काची जागा. आजही परदेशी क्रूझच्या भोजनगृहात मराठी किंवा कोकणी शब्द कानी पडला, तर नवल वाटू नये.

या माणसांचे करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचे असतात आणि त्या काळात घर दुरावते. एप्रिल २०२० मध्ये 'मरेला डिस्कव्हरी'वर अडकलेल्या भारतीय कर्मचाऱ्यांना मुंबईच्या किनाऱ्यावर उतरण्यासाठी दिवसेंदिवस वाट पाहावी लागली, तेव्हा या पेशाची दुसरी बाजू सर्वांसमोर आली. २०१३ मध्ये अमलात आलेल्या सागरी कामगार करारानुसार कर्मचाऱ्यांना बोटीवर मोफत आणि पुरेसे अन्न देणे, तसेच त्यांच्या धर्माचा आणि खाद्यसंस्कृतीचा विचार करणे बंधनकारक आहे. भारतानेही २०१५ मध्ये हा करार स्वीकारला.

निघण्यापूर्वी

* पथ्य, अॅलर्जी, जैन आहार यांची माहिती आरक्षणाच्या वेळीच लेखी द्यावी आणि उत्तर छापून जवळ ठेवावे.
* इन्सुलिनसारखी औषधे थंड ठेवण्याची सोय आधी विचारून घ्यावी. खोलीतला छोटा फ्रीज पुरेसा थंड असेलच असे नाही.
* घरचे शिजवलेले अन्न बोटीवर नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातला कोरडा खाऊ सहसा चालतो. तरीही कंपनीचा नियम पाहावा.
* बुफेतले फळ किंवा सँडविच पिशवीत घालून बंदरावर उतरू नये. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत त्यासाठी जबर दंड होतो.
* उलटी किंवा जुलाब सुरू झाल्यास लपवू नये. बोटीवरील डॉक्टरांना लगेच कळवावे.

एवढी तयारी केली, तर सासूबाईंचे पथ्य सांभाळले जाईल आणि धाकटीही निर्धास्तपणे जेवेल. आणि उठताना ज्याने वाढले त्याला नावाने हाक मारून 'जेवण छान झाले' एवढे आवर्जून सांगावे. महिनोन्‌महिने घरापासून दूर असलेल्या माणसाला त्या शब्दांचे मोल बक्षिसीहून कमी नसते.