गप्पा मारणाऱ्या दोघी

गेल्या आठवड्यात भाची आली होती. तिला नुकतंच प्रमोशन मिळालंय, हाताखाली सात माणसं. "मामा, माणसं कशी सांभाळायची यावर एखादं चांगलं पुस्तक सांग ना," म्हणाली. मी कपाटापाशी गेलो खरा, पण काय काढून द्यावं ते सुचेना. या विषयावर मी जे काही वाचलं ते सगळं चूक करून झाल्यावर वाचलं. मग तिला पुस्तकाऐवजी एक गोष्टच सांगितली. तीच इथे लिहितोय.

१९९६ साली मी भोसरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधायचं काम, लाईनवर सगळ्या बायका. त्या मला साहेब म्हणायच्या, मी त्यांना ताई. त्यातल्या दोघी शेजारी बसायच्या आणि सतत बोलायच्या. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्यातल्या मोठ्या ताईंना उचलून पॅकिंगला टाकलं. लाईन शांत झाली. मी खूश. पंधरा दिवसांत लाईनचा आकडा खाली आला आणि महिन्याभरात त्या ताईंनी नोकरीच सोडली.

त्याच वर्षी मी संध्याकाळच्या डिप्लोमाला नाव घातलं होतं. तिथे पहिल्यांदा हॉथॉर्नची गोष्ट वाचली. अमेरिकेत शिकागोजवळ सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनचं सामान बनवणारा प्रचंड कारखाना होता, हॉथॉर्न वर्क्स. १९२४ मध्ये तिथे प्रयोग सुरू झाले ते साध्या प्रश्नावरून : दिवे जास्त लावले तर काम जास्त होतं का? धड उत्तर मिळेना. मग एप्रिल १९२७ मध्ये एक वेगळी खोली केली. पाच बायका टेलिफोनचे रिले जोडायला आणि सहावी त्यांना सुटे भाग पुरवायला. एका रिलेत पस्तीसेक भाग, आणि जोडायला साधारण एक मिनिट. त्यांना मधली सुट्टी दिली, खाणं दिलं, कामाचे तास कमी केले. उत्पादन वाढत गेलं. मग १९२८ च्या शेवटी शेवटी बारा आठवडे सगळ्या सवलती काढून घेतल्या, तरी आठवड्याचा माल वाढलेलाच राहिला!

पाठ्यपुस्तकातलं तात्पर्य दोन ओळींचं होतं. माणसाला पगारापेक्षा आपुलकी हवी असते, त्याच्याकडे लक्ष द्या, तो जास्त काम करेल. परीक्षेत मी हेच लिहिलं आणि चांगले मार्क मिळवले. त्या ताईंची आठवण आली नाही असं नाही. पण वाटलं, आपण लक्ष द्यायला कमी पडलो, पुढच्या वेळी देऊ.

मूळ पुस्तक हाती लागलं ते पुष्कळ वर्षांनी, एका लायब्ररीत. रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांनी १९३९ साली लिहिलेला सहाशे पानांचा ठोकळा. रविवारी रविवारी जाऊन वाचायचो. आणि एका दुपारी एका पानावर थबकलो.

त्या पाचजणींपैकी दोघींना जानेवारी १९२८ मध्ये खोलीबाहेर काढलं होतं. मुख्य तक्रार, काम करताना फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत. त्यांच्या जागी दोघी नव्या आणल्या. त्यातल्या एकीवर घरचा भार होता, तिला पैशाची निकड होती. तिने सगळ्यांना पुढे रेटलं. आणि मग आकडे चढले.

म्हणजे जगभर आपुलकीचं उदाहरण म्हणून शिकवली जाणारी ही गोष्ट, आणि तिच्या पोटात माझीच चूक! हार्वर्डचे एल्टन मेयो, ज्यांचं नाव या प्रयोगांशी कायमचं जोडलं गेलं, ते तिथे पहिल्यांदा आले एप्रिल १९२८ मध्ये. तोवर त्या दोघी गेल्याही होत्या. पुढे १९६७ मध्ये अॅलेक्स केरी यांनी यावर कडक टीका केली. या खोलीत मजुरी मोठ्या विभागाच्या नव्हे तर त्या छोट्या गटाच्याच कामावर ठरायची, हाही मुद्दा त्यांनी पुढे आणला. मग आपुलकी किती, पैसा किती आणि धाक किती, कोण सांगणार?

पण मला टोचलं ते वेगळंच. या खोलीत बायकांना मोठ्या विभागापेक्षा मोकळेपणाने बोलता यायचं, आणि पुढे उत्पादन वाढलं त्याचं एक कारण म्हणून हाच मोकळेपणा सांगितला गेला. म्हणजे आकडा चढला की बोलणं म्हणजे खेळीमेळी, आणि चढला नाही की तेच बोलणं म्हणजे बेशिस्त. बोलतात काय, हे त्या दोघींना बाहेर काढण्याआधी कोणी नीट ऐकलं असेल का? मी तरी ऐकलं नव्हतं.

ऐकण्याचं काम हॉथॉर्नमध्ये नंतर झालं, हेही त्याच पुस्तकात आहे. १९२८ ते १९३० या काळात २०,००० हून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न होते. पण माणसं प्रश्न सोडून आपल्या मनातलंच बोलायची. शेवटी मुलाखत घेणाऱ्यांना सांगावं लागलं, प्रश्न बाजूला ठेवा, मधे बोलू नका, नुसतं ऐका. सहाशे पानांतलं मला उपयोगी पडलेलं वाक्य हेच.

माझ्या लाईनवर काय बोलणं चालायचं ते मला ताई गेल्यावर दुसऱ्या बाईंनी सांगितलं. शेजारची मुलगी नवी होती, तारांचे रंग आणि क्रम चुकायची. मोठ्या ताई तिला हळू आवाजात क्रम सांगत असायच्या. मधे सासू, भाजी, गावची जत्रा हेही असायचंच, नाही कशाला म्हणू. पण अर्धं बोलणं कामाचं होतं. आकडा का घसरला ते तेव्हा कळलं. त्यांचा पत्ता मी ऑफिसमधून काढू शकलो असतो. काढला नाही. लाज वाटली.

हॉथॉर्न वर्क्स १९८० च्या दशकात बंद पडलं. आता तिथे दुकानं आहेत, जुना एक मनोरा तेवढा शिल्लक आहे.

भाची ऐकून म्हणाली, "म्हणजे पुस्तक वाचू नको?" म्हटलं, वाच की. फक्त गोष्ट संपली की त्यातून कोणाला बाहेर काढलं होतं ते शोध. आणि सोमवारी ऑफिसला गेलीस की तुझ्या सातजणांत सगळ्यात जास्त कोण बोलतं, त्याच्याशेजारी दहा मिनिटं गप्प बसून ये.

असो. अजून तिचा फोन आलेला नाही. आला की कळवेन.