लालबागची खानावळ

शनिवारी लालबागच्या चिवडा गल्लीत गेलो. चिवडा घेतला, पण डोक्यात होती खानावळ. कोकणातून, घाटावरून आलेले एकटे गिरणी कामगार घरगुती खानावळीत जेवायचे. पैसे पगार झाल्यावर. तोवर बाईंनी वाणसामान भरायचं सावकाराच्या कर्जावर! १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पगारच नाही, तर खानावळीचे पैसे कुठून येणार? संपाच्या गोष्टीत दत्ता सामंत भेटतात, गिरणीमालक भेटतात. खानावळवाल्या बाई क्वचितच. असो. ऑफिसात माझाही डबा येतो. तो कोण करतं, हे मी आजवर विचारलेलं नाही. सोमवारी विचारणार आहे.