‘बहिष्कार’ : एका शब्दाचा परराष्ट्रीय आणि स्वदेशी इतिहास

जुन्या मराठी वृत्तपत्रांतील परराष्ट्रांची प्रतिमा शोधताना अभ्यासक बहुधा वर्णनपर मजकुराकडे वळतात. इंग्लंडची स्तुती कोणी केली, १९०५ मधील जपानच्या विजयाने कोण हर्षभरित झाले, याची नोंद होते. परंतु परराष्ट्राची प्रतिमा वर्णनाइतकीच पर्यायशब्दांच्या निवडीतही घडते. परक्या अनुभवाला आपण कोणते नाव देतो यावरून ‘आपण’ म्हणजे कोण हेही कळते. ‘बहिष्कार’ हा शब्द या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

या शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द आयर्लंडमध्ये जन्मला. सप्टेंबर १८८० मध्ये एनिस येथील भाषणात पार्नेलने शेतकऱ्यांना सांगितले, की हुसकावलेल्या कुळाची जमीन घेणाऱ्याला पूर्वीच्या महारोग्याप्रमाणे एकटे पाडावे. त्यानंतर मेयो परगण्यातील कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर हा प्रयोग झाला. मजूर, दुकानदार, धोबीण यांनी त्याचे काम सोडले. पिके काढायला अल्स्टरमधून सुमारे ५० माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणासाठी मोठी फौज उभी करावी लागली. अर्थात, मूळ आयरिश कृती मालाविरुद्ध नव्हती, माणसाविरुद्ध होती.

पुढे अवघ्या काही महिन्यांत, ४ जानेवारी १८८१ रोजी, ‘केसरी’ सुरू झाला. आयर्लंड हा या परंपरेतील पत्रकारांच्या आस्थेचा विषय होता; न. चिं. केळकरांनी तर त्या देशाचा इतिहासच मराठीत लिहिला. मात्र ‘बहिष्कार’ हा शब्द मराठीला आयर्लंडकडून घ्यावा लागला नाही. तो जातिव्यवहारात होताच. पंक्तिव्यवहार तोडणे, न्हावी-धोबी बंद करणे, हा त्याचा रूढ अर्थ होता. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेणाऱ्यांची नावे ‘पुणेवैभव’ने छापली आणि जे ग्रामण्य उभे राहिले, त्यात रानडे आणि टिळक दोघेही सापडले होते. वृत्तपत्र आणि बहिष्कार यांचे नाते असे स्वदेशीच्या आधीचे आहे.

१९०५ मध्ये वंगभंगाच्या निमित्ताने या शब्दाने विषय बदलला. ७ ऑगस्टला कलकत्त्यात विलायती मालावर बहिष्काराचा ठराव झाला; पुढच्या वर्षी, १९०६ मध्ये, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य ही चतुःसूत्री मान्य झाली. जातीबाहेर टाकायचे ते आता माणसाऐवजी कापड होते. येथे एक रूपक घडले आहे : राष्ट्र ही एक विशाल जात आणि परदेशी वस्तू हा तिला लागलेला विटाळ. अभिधेपेक्षा लक्षणेने काम करणाऱ्या या शब्दामुळे अर्थशास्त्राचा उपाय सामान्य वाचकाला तत्काळ कळला, हे त्याचे सामर्थ्य. पण शब्द आपली स्मृती टाकून येत नाही. बंगालमध्ये परदेशी माल विकणाऱ्यांचे न्हावी-धोबी बंद करण्याचे प्रकार झाले, तेव्हा मालाकडून माणसाकडे जाणारी वाट पुन्हा खुली झालेली दिसली.

हा प्रश्न उघडपणे मांडला गेला तो ३ एप्रिल १९२७ रोजी, महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी. डॉ. आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले. त्या नावात व्याकरणच पालटले आहे. चतुःसूत्रीत ‘बहिष्कार’ ही राष्ट्राने करावयाची क्रिया होती. येथे कर्मणी कृदन्त आले आणि त्या क्रियेचे कर्म भारतच झाला. परकीय कोण, या प्रश्नाचे उत्तर समुद्रापलीकडे शोधणाऱ्या पत्रकारितेला गावकुसाबाहेरचा भारत या दोन शब्दांनी दाखवला.

म्हणून राष्ट्रीय अस्मितेचा वाङ्मयीन इतिहास लिहिताना ‘स्व’ आणि ‘पर’ ही जोडी केवळ देशोदेशींच्या तुलनेतून मांडणे अपुरे ठरते. आयर्लंडकडे पाहताना मराठी पत्रकारितेला सोबती राष्ट्र दिसले. त्या राष्ट्राच्या अस्त्राला तिने जे नाव दिले, त्यात मात्र तिचा स्वतःचा समाज उमटला होता. तो वाचण्यासाठी १८८१ चा ‘केसरी’ आणि १९२७ चा ‘बहिष्कृत भारत’ शेजारी ठेवून वाचावे लागतात. अद्यापि ते बहुधा वेगवेगळ्या कपाटांत ठेवले जातात.