बाजारातली पत

माणदेशाची ओळख करून द्यायची म्हटलं की लोक दुष्काळापासून सुरुवात करतात. कमी पाऊस, खडकाळ रान, बाभळी आणि मेंढरं. त्यात खोटं काही नाही. पण एवढ्या कोरड्या मुलखात माणसं पिढ्यान् पिढ्या टिकली कशी, हे फारसं कुणी सांगत नाही. कष्टावर टिकली म्हणावं, तर कष्टाला फळ यायला आधी पाणी लागतं. माझं म्हणणं असं की आमच्याकडं माणूस टिकला त्याला कारण पत. पीक बुडालं तरी पुढच्या सुगीपर्यंत कुणीतरी थांबायला तयार असायचं. आज मी देतो, उद्या तू दे. आणि ही पत कुणाची किती, हे कळायची जागा म्हणजे आठवड्याचा बाजार.

आमचा बाजार म्हसवडचा. म्हसवड हे सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात, माण नदीच्या काठावरचं गाव. तालुक्याची कचेरी दहिवडीला, पण नगरपालिका, सिद्धनाथ-जोगेश्वरीचं देऊळ आणि मोठी पेठ म्हसवडला. पलीकडं आटपाडी सांगली जिल्ह्यात, खाली सांगोला सोलापूर जिल्ह्यात. तीन जिल्ह्यांच्या हद्दी इथं जवळ जवळ येतात, त्यामुळं बाजारला तिन्हीकडची माणसं. आमची वस्ती म्हसवडपासून चालत दीड तासाच्या वाटंवर. माझ्या लहानपणी बाजारचा दिवस म्हणजे पहाटे भाकरी बांधून निघायचं आणि दिवे लागणीला परत यायचं.

बाजारात कुणी कुठं बसायचं हे ठरलेलं असे. माळवं विकणाऱ्या बायका एका अंगाला, तिखट-मीठ आणि डाळी-गुळाची पालं दुसऱ्या अंगाला. कुंभाराची गाडगी-मडकी, बुरुडाच्या पाट्या-सुपं, चांभाराच्या वहाणा, लोहाराची खुरपी. जनावरांचा बाजार जरा बाजूला. पाटी कुणी लावलेली नव्हती. आजीच्या जागेवर आई आणि आईच्या जागेवर सून बसायची. एखादी बाई बाळंतपणाला गेली तर शेजारीण तिची जागा राखायची, दुसरी कुणी येऊन बसली तर उठवायची.

धान्य मापानं विकलं जायचं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. मापणारा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणायचा, मग दोन, तीन. देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांचंही भलं व्हावं, हा त्यातला भाव. माप शिगेला भरलं की नाही हे दहा डोळे बघत असत. ज्याचं माप हलकं, त्याचं नाव चार गावांत व्हायचं आणि पुढच्या बाजारला त्याच्या पोत्यापाशी कुणी थांबायचं नाही. त्या काळचा वजनमाप निरीक्षक म्हणजे हीच दहा माणसं.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. आता रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस बरोबर बसत, पण एका आण्याचे सवासहा. तो पाव पैसा कुणी सोडायचा? थोरली माणसं सांगायची, की बायकांनी त्यावर आपला मार्ग काढला होता, वर एखादी मिरची नाहीतर कोथिंबिरीची काडी टाकायची. पुढं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले. मी शाळेत किलोमीटर आणि किलोग्रॅम शिकत होतो तेव्हाही आई घरात शेर-मापट्यानंच बोलायची. बाजारातली माणसं दोन्ही हिशेब तोंडी करायची, आणि त्यातल्या निम्म्यांना सही येत नव्हती.

म्हसवडची आणखी एक ओळख म्हणजे घोंगडी. धनगरांनी मेंढरं कातरायची, बायकांनी लोकर पिंजून सूत काढायचं, आणि सणगरानं खड्ड्यातल्या मागावर बसून विणायचं. सुताला चिंचोक्याची खळ द्यायची, म्हणजे ते ताठ होतं आणि विणताना तुटत नाही. या कामात पैसा हातात यायला फार वेळ लागायचा. लोकर आज घेतली तर घोंगडं थंडीच्या तोंडाला खपणार. तोवर धनगरानं सणगरासाठी थांबायचं, आणि सणगरानं गिऱ्हाइकासाठी. कागद नसायचा. "थंडीच्या आत देतो," एवढं बोलणं पुरे असायचं. मेंढपाळ मेंढरं घेऊन पाच-सहा महिने दुसऱ्या मुलखात जायचा तरी त्याचं येणं बुडायचं नाही, कारण बुडवणाऱ्याला पुढच्या वर्षी लोकर कोण देणार?

जनावरांच्या बाजाराची तऱ्हा निराळी. आमच्याकडचा बैल म्हणजे खिलार. पांढरा, अंगानं सडपातळ, लांब शिंगांचा आणि चालीला चपळ. गिऱ्हाईक आधी दात बघणार. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे, की जुळला आहे. मग चालवून बघणार. किंमत ठरवताना दलाल रुमाल टाकून त्याखाली बोटं धरायचा. आकडा त्या दोघांतच राहायचा. बघणाऱ्यांना नुसते चेहरे दिसायचे. व्यवहार जुळला की विसार द्यायचा, बाकी पैसे सुगीला. बैल पुढच्या दावणीला जायचा, पैसा मागं राहायचा. अशा उधारीत मध्ये उभा राहणारा माणूस महत्त्वाचा. "ह्यो बुडवायचा न्हाई, माझ्यावर सोडा," असं चारचौघांत म्हणणारा कुणी असला तर बैल सुटायचा. ज्याच्यासाठी असं म्हणणारं कुणी नाही, त्यानं रोख आणायची.

आता या पतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी जुन्याचं कौतुकच करत बसलो असं होईल. पत सगळ्यांना सारखी नव्हती. गावगाड्यात बलुतेदाराला वर्षभर काम करून सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं, तेही वाटा बघून. पीक बुडालं की पहिला त्याचाच वाटा आटायचा. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं गेली. महार वतन गेलं, तशी राबवून घ्यायची वहिवाटही कायद्यानं संपली. गावात ती संपायला पुढं बरीच वर्षं गेली. बाजारात काही जणांना रुमालाखाली हात घालू दिला जात नसे, हेही मी थोरल्यांकडून ऐकलेलं आहे. म्हणून ज्यांना जुना बाजार फार गोड वाटतो, त्यांनी तो कुणाला गोड होता हेही विचारावं.

मग १९७२ आलं. तेव्हा मी प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात होतो. त्या साली उधारीची सगळी साखळीच तुटली, कारण थांबणाराच उपाशी. व्यापाऱ्याकडं माल नाही, शेतकऱ्याकडं पीक नाही, सणगराला गिऱ्हाईक नाही. बाजार भरायचा, पण घेणाऱ्यापेक्षा विकणारे जास्त. लोक बैल, भांडी, बायकांच्या अंगावरचं किडुकमिडुक घेऊन यायचे. बाहेरून मिलो आला, तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना मोडायची. कामावर सुकडी मिळायची. सरकारनं खडी फोडायची, रस्त्याची, पाझर तलावाची कामं काढली. एका रांगेत सगळ्या जातींची माणसं घण आणि पाट्या घेऊन बसली. घरची मालकीण म्हणून जी बाई कधी उन्हात आली नव्हती, तीही खडी फोडू लागली.

दुष्काळात काम काढायची रीत आमच्याकडं नवी नव्हती. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळातल्या कामांतूनच म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव उभा राहिला. त्याचं पाणी मात्र खालच्या अंगाला, आटपाडी-सांगोल्याकडं जातं. आमच्या माणसांनी बांधला आणि पाणी खाली गेलं, असं म्हातारी माणसं बोलून दाखवायची. पण १९७२ नंतर एक मोठी गोष्ट झाली. काम मागणं हा हक्क ठरला. वि. स. पागे यांच्या विचारातली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्यात आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा लागू झाला. कामाचा पगार बाजारला खेळू लागला. ज्याला कुणी कधी उधार दिलं नव्हतं, त्याच्याही हातात रोख दिसू लागली.

तोवर निम्मा माणदेश बाहेर पडला होता. कुणी मुंबईला गिरणीत, कुणी माथाडीत. कुणी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार परमुलखात. गलाई कामगार म्हणून आमच्याकडची माणसं देशभर पोचली. पोस्टात मनीऑर्डर आली की दुकानदार आपणहून विचारायचा, "काय काय देऊ?" १९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा मनीऑर्डरी थांबल्या, आणि त्याची झळ लालबाग-परळइतकीच आमच्या बाजाराला लागली.

ही बाहेरची माणसं एका दिवसाला मात्र येतातच. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, देवदिवाळीला, सिद्धनाथाचा रथ निघतो. दिवाळीच्या पाडव्याला घट बसतात, तुळशीच्या लग्नाला देवाचं लग्न लागतं, आणि मग रथ. जाड दोर धरून हजारो हात लाकडी रथ ओढतात, 'चांगभलं'चा गजर आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण. यात्रेला देवदर्शन असतंच, पण वर्षभराची देणी-घेणीही तिथंच मिटत. "रथाला येतो तेव्हा बघू," ही आमच्याकडची मुदत. रथाला न आलेल्या माणसाची चौकशी व्हायची. आजारी आहे की कर्जात आहे, एवढंच लोक विचारायचे.

या सगळ्यात बाजार ज्यांच्या जिवावर भरायचा, त्या बायकांची पत कुठं होती? माळवं तिनं पिकवायचं, तिनं विकायचं, हिशेब तिनं करायचा. पण कर्ज काढायला गेली की कागदावर नवऱ्याची सही मागायचे. आमच्याकडं बाईची पत म्हणजे पतीची सही. ते १९९७ साली बदललं. चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं म्हसवडला माणदेशी महिला बँक सुरू झाली. आधी रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला होता, कारण प्रवर्तक बायकांपैकी बऱ्याच जणींचे कागदावर अंगठे होते. त्या बायका घरी बसल्या नाहीत. लिहायला-वाचायला शिकल्या, परत गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो म्हणाल्या. बाजारात पन्नास वर्षं पायली-मापट्याचा हिशेब केलेल्या बायकांना व्याज काय अवघड? परवाना मिळाला. बँकेचं माणूस बाजारात जाऊन जागेवर रोजची ठेव घेऊ लागलं. पाटीमागं बसलेली बाई पहिल्यांदा स्वतःच्या नावानं पतदार झाली.

२०१२-१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१९ ला म्हसवडला चारा छावणी होती. जनावरांसंगं माणसंही काठ्या आणि कापडाच्या आडोशाखाली राहायला गेली. घरातलं एक माणूस छावणीत, बाकीची गावात. एकाला ताप आला तर शेजारचा त्याच्या जनावरांना वाढं टाकायचा, पाणी पाजायचा. बाजारात जसं एकमेकीची जागा राखायच्या, तसंच. संध्याकाळी भजन व्हायचं. तिथं जातीपेक्षा कुणाची दावण कुणाच्या शेजारी आहे यावरून माणसं ओळखली जायची. हे मला जुन्या बाजारापेक्षाही बरं वाटलं.

आता जनावरांचा बाजार विरळ झालाय. नांगरट ट्रॅक्टर करतो. २०१५ च्या कायद्यानं म्हातारा बैल विकायची वाट बंद झाली, म्हणून नवा घ्यायलाही माणूस बिचकतो. २०२० च्या टाळेबंदीत बाजारच बंद, २०२२ ला लम्पी आला आणि जनावरांचे बाजार पुन्हा बंद. माळव्याच्या पाटीपाशी मोबाईलवर पैसे घ्यायचा चौकोनी कागद चिकटवलेला दिसतो. त्यात वाईट काही नाही. पैसे लगेच येतात, पाव पैशाचा घोळ नाही, आणि जात विचारली जात नाही.

पण मोबाईल थांबत नाही. पीक बुडालं म्हणून तो सुगीपर्यंत दम धरत नाही. पाऊस मात्र आमच्याकडं अजून तसाच आहे, कधी येतो, कधी येत नाही. म्हणून तरुण पोरांना माझं सांगणं आहे. आपल्या घरात कुणी कुणासाठी थांबलं, कोण कुणाला जामीन राहिलं, कोणत्या साली कुणी धान्य दिलं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवा. ज्यांना कुणी दिलं नाही, त्यांचंही लिहा. पुढचा दुष्काळ येईल तेव्हा कुणाकडं जायचं आणि कुणाला सोबत घ्यायचं, हे त्या वहीतून कळेल.