गायमुखचा चढ आणि प्लगची वायर

ठाण्यात माजिवड्याला सुरू होणारा घोडबंदर रोड मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा अशी गावे मागे टाकत जातो. एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. गायमुखला डोंगर खाडीला येऊन भिडतो आणि रस्त्याला चढ घ्यावाच लागतो. तो ओलांडला की पुढे घोडबंदर गाव आणि अहमदाबाद महामार्ग. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला घोडबंदरचा किल्ला याच खाडीवर नजर ठेवून उभा आहे. तेव्हाची मुख्य वाहतूक पाण्यावरची होती. मोटारी आल्यावर ती रस्त्यावर आली, आणि १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाल्यानंतर गुजरातकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांनी हा रस्ता भरून गेला. त्या ट्रकांच्या डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. पण त्यांच्या शेजारून जाणाऱ्या पेट्रोलच्या गाड्यांच्या मालकांत एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे: प्लगच्या वायरी काढून भारीतल्या टाकल्या, तर गाडीची ताकद वाढते का? याचे उत्तर वायरीच्या इतिहासातच सापडते. प्लगच्या वायरीने इंजिनाला जादा ताकद कधीच दिलेली नाही. वाया जाणारी ताकद वाचवणे हेच तिचे काम होते आणि आहे.

मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांवर हा प्रश्न रुजला तो फियाटच्या काळात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ११०० मॉडेलची फियाट बाहेर पडत होती. १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली आणि शतक संपेपर्यंत बनत राहिली. पद्मिनीचे बॉनेट उघडले की सगळी व्यवस्था डोळ्यांसमोर असे. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जात. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की कॉइलमध्ये पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब तयार होई. कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येणारी एक जाड वायर, आणि तिथून चार प्लगांकडे जाणाऱ्या चार, अशा पाच वायरी. आत फिरणारा रोटर १-३-४-२ या क्रमाने एकेका प्लगला करंट पोचवी. ही रचना मुळात विसाव्या शतकाच्या आरंभीची. १९०२ मध्ये जर्मनीत बॉश कंपनीच्या गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग सिद्ध केला; त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी-कॉइलची पद्धत रूढ केली. तेव्हापासून वायरीकडून एकच अपेक्षा राहिली: हजारो व्होल्ट वाटेत कुठेही न गळता प्लगपर्यंत पोचावेत. म्हणून तिच्यात आतल्या तारेपेक्षा बाहेरच्या आवरणाला अधिक महत्त्व. त्या वायरीची जाडी दिसते ती जवळजवळ सगळी रबराची किंवा सिलिकॉनची.

या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा मात्र रेडिओने दिला. प्लगची प्रत्येक ठिणगी आजूबाजूला रेडिओलहरी फेकते, आणि तांब्याची वायर त्या लहरींसाठी उत्तम एरियल ठरते. शेजारून मोटार गेली की रेडिओ खरखरायचा, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पांढरे ठिपके नाचायचे. हा उपद्रव आवरण्यासाठी ब्रिटनने १९५२ मध्ये मोटारींच्या ठिणगीयंत्रणेवर नियम घातले. त्या सुमारापासून तांब्याच्या तारेच्या जागी कार्बन मुरवलेला धागा आला, किंवा प्लगच्या टोपीतच रोध बसवला जाऊ लागला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तोवर जगभरच्या मोटार कंपन्यांचा हा बदल अंगवळणी पडलेला होता. आता याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. तांब्याच्या वायरीचा रोध एक ओहमसुद्धा भरत नाही. कार्बनच्या वायरीचा काही हजार ओहम असतो. म्हणजे कंपन्यांनी आपणहून वायरीचा रोध हजारो पटींनी वाढवला, आणि इंजिनांची ताकद रतीभरही घटली नाही. कमी रोधाची वायर म्हणजे जास्त ताकद हे खरे असते, तर हा बदल झाला त्याच वर्षी गाड्या मरगळल्या असत्या.

त्या मरगळल्या का नाहीत, हे साध्या हिशेबाने कळते. ठिणगी पडण्यापूर्वी वायरीतून करंट जवळजवळ वाहतच नाही; त्यामुळे रोध कितीही असला तरी प्लगच्या टोकाशी पुरा दाब तयार होतो. ठिणगी पडल्यावर वाहणारा करंट साधारण ०.०५ अँपिअर धरला आणि वायरीचा रोध १०,००० ओहम धरला, तर वाटेत ५०० व्होल्ट खर्च होतात. हजारो व्होल्ट देणाऱ्या कॉइलला ही रक्कम किरकोळ आहे. दुसरे असे, की ठिणगीचे काम पेटवण्यापुरते. पद्मिनीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, म्हणजे एका सिलिंडरला सुमारे २७२. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर त्यात एका वेळी जेवढे पेट्रोल येते, त्याची ऊर्जा सुमारे ७०० ते ८०० ज्यूल भरते. ठिणगीची ऊर्जा ०.०३ ते ०.०५ ज्यूल, आणि पेट्रोल-हवेचे योग्य मिश्रण पेटायला याच्याही शंभराव्या हिश्श्याच्या आसपास पुरते. चूल एका काडीने पेटत असेल, तर दोन काड्या ओढल्याने भाकरी लवकर भाजत नाही.

यावर अनुभवी माणसाचा आक्षेप ठरलेला असतो: ‘वायरी बदलल्या आणि गाडीचा पिकअप सुधारला, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.’ हा अनुभव खोटा नाही. फक्त त्याचे श्रेय नव्या वायरीच्या भारीपणाला जात नाही. जुनी वायर खराब झाली होती, एवढेच त्यातून सिद्ध होते. इंजिनाच्या उष्णतेने आवरण कडक होऊन तडकते, तेल चढते, कार्बनचा धागा आतल्या आत तुटतो. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तडकलेल्या आवरणावर ओल बसली की करंट प्लगकडे न जाता इंजिनाच्या लोखंडात उतरतो आणि गाडी ‘मिसिंग’ करू लागते. हा दोष चढावर का उघडा पडतो, याचे कारण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्येच दाखवून दिले होते. वायूचा दाब वाढला की त्यातून ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात. गायमुखच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडर हवेने भरतो, प्लगच्या फटीतला दाब वाढतो, आणि करंटला प्लगपेक्षा वायरीच्या तड्याची वाट सोपी वाटते. तीच गाडी कापूरबावडीच्या सिग्नलला उभी असताना सुरळीत चालते. एक सिलिंडर अधूनमधून बंद पडणारी गाडी नव्या वायरींनी पुन्हा चारही सिलिंडरांवर चालू लागली, तर चालवणाऱ्याला ताकद वाढल्यासारखे वाटणारच. शिवाय वायरींबरोबर बहुधा प्लग साफ होतात, पॉइंट घासले जातात, टायमिंग लावले जाते. आणि या सगळ्याचे श्रेय सर्वांत ठळक दिसणाऱ्या रंगीत वायरींना मिळते.

दुसरा आक्षेप सीएनजीचा, आणि तो अधिक वजनदार आहे. १९९५ मध्ये महानगर गॅसची स्थापना झाली, आणि शतक बदलताना मुंबईच्या हवेबद्दल उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सी मोठ्या संख्येने गॅसवर गेल्या. गॅसवर ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. त्यामुळे पेट्रोलवर निभावून गेलेली वायर गॅसवर हार मानते, हे खरे. तरी यातूनही सिद्ध होते ते एवढेच, की गॅसच्या गाडीला निर्दोष वायर लागते. निर्दोष वायरीच्या जागी तिप्पट किमतीची बसवली म्हणून चढ सोपा होत नाही. जाहिरातींचे म्हणावे, तर अशा दाव्यांची छाननी झालेली आहे. स्प्लिटफायर या प्लगच्या कंपनीने ताकद आणि मायलेज वाढत असल्याचा प्रचार केला, तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पुराव्याअभावी त्या दाव्यांवर हरकत घेतली आणि १९९७ मध्ये कंपनीला आवर घातला.

आज हा व्यवहार मावळतीला लागला आहे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले, आणि बहुतेक नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावरच स्वतंत्र कॉइल बसू लागली. वायर सुधारण्याऐवजी अभियंत्यांनी ती काढूनच टाकली, कारण गळतीची जागाच राहू नये हा त्यांचा हेतू होता. ज्यांच्याकडे अजून वायरींची गाडी आहे, त्यांनी पैसे घालवण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. अंधारात बॉनेट उघडून, हात लांब ठेवून, चालू इंजिनाच्या वायरींभोवती निळसर ठिणग्या दिसतात का ते पाहावे. आणि इंजिन बंद करून, वायरी सोडवून, मल्टिमीटरने प्रत्येकीचा रोध मोजावा. एखादी वायर इतरांपेक्षा फारच वेगळी निघाली किंवा आवरण तडकलेले दिसले, तर कंपनीने सांगितलेल्या मापाचा पूर्ण संच बदलावा. दोष नसेल, तर आहेत त्याच वायरी राहू द्याव्यात आणि ते पैसे टायर व ब्रेकसाठी ठेवावेत. गायमुखच्या उतारावर त्यांचाच उपयोग जास्त आहे.